कॉफीचं भांडं

कालिंदीनं ते पितळी भांडं उचललं, वरचा डबा खालच्या डब्यावरून अलगद काढला, आतली दांडीची चकती बाजूला ठेवून त्याचा तळ उजेडाकडे धरला आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्याची भोकं मोठी आहेत. पूड खाली उतरेल. बारीक भोकांचं असेल तर दाखवा."

एवढंच झालं. महाद्वार रोडवरून टांगे जात होते, समोरच्या दुकानात कुणीतरी लुगड्याची घडी फटकन उलगडत होतं, आणि तिचा नवरा यज्ञेश्वर हातात दुसऱ्याच भांड्याचं झाकण घेऊन उभा होता. ते विलायती पर्कोलेटर होतं, ॲल्युमिनियमचं, झाकणावर काचेची घुंडी असलेलं. स्टोव्हवर ठेवलं की पाणी आपोआप नळीतून वर चढतं, पुडीवर पडतं, पुन्हा खाली येतं, घुंडीतून रंग दिसला की उतरवायचं. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या बंगल्यावर त्यानं ते पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते त्याच्या मनात भरलं होतं. कालिंदीला समजावून सांगायला म्हणून तो वाक्यं जुळवत आला होता. पोटातल्या जळजळीमुळं डॉक्टरांनी त्याचा चहा बंद केला होता, आणि सकाळी कॉफी करायची म्हणजे घरात रोज एक प्रकरण होई. पातेल्यात पूड उकळायची, जायफळ किसायचं, फडक्यातून गाळायची. तेवढ्यात दूध उतू जायचं, सरूची वेणी अर्धी राहायची, वसंत एका पायात मोजा घालून घरभर हिंडायचा. त्याला जकात नाक्यावर जायची घाई, तिला शाळेत शिकवायला. आपोआप होणारं भांडं घेतलं तर तेवढंच एक काम हातावेगळं होईल, असं त्यानंच काढलं होतं. तिनं फक्त "बघू या" म्हटलं होतं.

आणि आता ती त्या डब्याच्या भोकांतून उजेड पाहत होती. तिला शिकवावं लागलं नव्हतं. तिनं ते भांडं असं उघडलं होतं, जसा माणूस आपल्या घराची कडी काढतो.

"तुला कसं माहीत?" त्यानं विचारलं.

"काय?"

"भोकं लहान लागतात ते."

"पाहिलंय कुणाकडे तरी," ती म्हणाली आणि चकती परत डब्यात ठेवली.

दुकानदार खूश होऊन म्हणाला, "बाईंना म्हाइती हाय सगळी. साहेब, त्येंनाच निवडू द्या की. मद्रासकडचा माल हाय, धा वर्षं काय हुईत न्हाय."

"विचार करून सांगतो," यज्ञेश्वर म्हणाला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरला.

वाटेत ती काहीबाही बोलत होती. सरूच्या फ्रॉकचं, भांडीवाल्या बयाबाईनं मागितलेल्या रजेचं. तो हूं हूं करत होता. 'कुणाकडे तरी' हे दोन शब्द दाढेत अडकलेल्या सुपारीच्या कणासारखे त्याला जाणवत होते. जीभ पुन्हापुन्हा तिथंच जात होती. कालिंदीच्या माहेरी, मिरजेला, कॉफी कुणी पीत नव्हतं. तिच्या मामांकडे नाही, बहिणींकडे नाही. शेजारपाजारची सगळी घरं त्याला ठाऊक होती, कुणाच्या फळीवर कसली भांडी आहेत हेसुद्धा. माणूस ज्याच्याकडे एकदा जातो त्याचं नाव सांगतो. 'कुणाकडे तरी' असं ज्याचं नाव सांगायचं नसतं त्याच्याविषयी म्हणतो. जकात खात्यात तपासनीस म्हणून त्याची इतकी वर्षं गेली होती ती ह्याच शहाणपणावर. गाडीवान कशाविषयी भरभरून बोलतो तिकडे बघायचं नसतं, कशाविषयी चटकन उरकतो तिकडे बघायचं असतं.

हे शहाणपण त्याला खात्यानं दिलं नव्हतं. ते फार आधीचं होतं. त्याचे वडील, तात्या, गुळाच्या दलालीसाठी जयसिंगपूरला जात आणि दोनदोन दिवस राहून येत. ते आले की आई त्यांचा कोट खुंटीला लावायची. पण लावायच्या आधी एक क्षण तो तोंडाजवळ धरायची. लहानपणी यज्ञेश्वरला वाटे, ती कोटात तोंड पुसते. मग एकदा त्यानंही तो हुंगून पाहिला होता. गुळाचा वास होता, घामाचा होता, आणि त्याखाली आणखी एक होता, केवड्यासारखा, त्यांच्या घरात नसलेला. आई काही बोलली नाही. तात्या गेले, त्यांच्या तेराव्याला जयसिंगपूरहून एक बाई आली, बरोबर परकरातली मुलगी होती, आणि त्या मुलीची हनुवटी थेट यज्ञेश्वरची होती. आईनं त्या दोघींना पानावर बसवलं. पण यज्ञेश्वरला त्या दिवशी कळून चुकलं की घर नावाची गोष्ट आतून वेगळी असू शकते आणि बाहेरून तसूभरही कळत नाही. पुढं लग्न झालं, पोरं झाली, कालिंदीनं कधी बोट ठेवायला जागा दिली नाही. तरी हे त्याच्यात पाण्याखालच्या दगडासारखं बसून राहिलं होतं. आज त्यावरचं पाणी ओसरलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते केलंच. कालिंदी न्हाणीत होती. खुंटीवर तिचं शाळेत नेसायचं फिकट निळं पातळ होतं. त्यानं पदराचं टोक नाकाशी धरलं. खडूचा वास आला, खोबरेल तेलाचा आला. आणि मग, अगदी मागून, कडवट भाजका असा कॉफीचा वास, घरच्या कॉफीसारखा जायफळाचा नव्हे. न्हाणीतून तिनं हाक मारली, "अहो, वसंता उठला का?" आणि त्यानं पदर असा सोडला जणू त्याचा चटका बसला होता.

मग आठवणी आपापल्या पायांनी चालत आल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला उशीर होतो. वह्या तपासायच्या असतात, असं ती सांगते. पावसाळ्याच्या आधीपासून सांगते आहे. उशीर झाला तरी त्या दिवशी ती दमलेली नसते, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. उलट इतर दिवशी ती वेळेवर येते आणि चेहरा ओढलेला असतो. मंगळवारी, शुक्रवारी मात्र पोरांवर ओरडत नाही. मागल्या शुक्रवारी तर आमटीत मीठ जास्त पडल्याचं त्यानं सांगितल्यावर ती हसली होती. वह्या तपासून कोण हसत घरी येतं?

त्यानं बयाबाईला विचारलं. बयाबाई भांडी घासायची आणि कालिंदी येईपर्यंत पोरांवर लक्ष ठेवायची.

"बाईंना अलीकडं फार उशीर होतो, नाही?"

"व्हतोय की," बयाबाई राखेचा हात न थांबवता म्हणाली. "मंगळवार नि सुक्करवार. साळंत काम अस्तंय म्हणं. का वो साहेब?"

"काही नाही. तुम्हांला खोळंबा होतो म्हणून."

"मला कसला खोळंबा. बाईंच्या डोस्क्याला तेवढाच इसावा," ती म्हणाली, आणि यज्ञेश्वरनं त्या शब्दाचाही संशय घेतला. शाळेतल्या कामाला विसावा कोण म्हणतं?

शाळेत गेल्या वर्षी धारवाडचा एक गायनमास्तर लागला होता. स्नेहसंमेलनात यज्ञेश्वरनं त्याला पाहिलं होतं: सावळा, लांब बोटांचा, केस मागे वळवलेले. धारवाडकडची माणसं कॉफी पितात. त्यांच्या घरी पितळी भांडी असतात. एवढं जुळल्यावर पुढचं चित्र काढायला वेळ लागला नाही. नाक्यावर बसल्या बसल्या त्याला ती खोली दिसायची. कोपऱ्यात तंबोरा, खिडकीत तुळशीचं नव्हे तर अबोलीचं रोप, चटईवर दोन पेले, आणि ती लांब बोटं चकती दाबून धरताहेत. कालिंदी विचारते आहे, भोकं एवढी बारीक का हो? आणि तो कानडी हेलात सांगतो आहे. ती ज्या शांतपणानं दुकानात बोलली तो शांतपणा तिला तिथूनच मिळाला होता. हे सगळं त्यानंच रचलं होतं, हे त्याला कळत होतं. पण आपण रचलेल्या भिंतीवरही डोकं आपटलं की लागतंच.

त्या दिवसांत नाक्यावर त्याच्या हातून कुणी सुटेना. पेठ वडगावच्या एका शेतकऱ्याची मिरचीची पोती त्यानं एकेक करून उतरवायला लावली, लोखंडी सळई आरपार घालून पाहिली, एक पोतं तर जमिनीवर ओतायला लावलं. मिरचीचा खकाणा उडाला, सगळे शिंकायला लागले. नाक्यावरचा शिपाई केरबा डोळे पुसत म्हणाला, "साहेब, काय न्हाय ह्यात." गाडीवान मिरच्या गोळा करता करता तोंड वर करून बोलला, "आवो, मिरचीच्या पोत्यात मिरचीच असत्या की. तुमास्नी काय गावाय पायजे हुतं?" आपल्याला काय सापडायला हवं होतं, हे यज्ञेश्वरला खरोखरच सांगता आलं नसतं. सापडलं नाही म्हणून आपल्याला राग आला आहे, एवढं मात्र त्याला स्वच्छ कळलं आणि त्याची लाज वाटली.

तरी शुक्रवारी तो गेला. नाक्यावरून लवकर निघाला, सायकल लक्ष्मीपुरीतल्या पंक्चरच्या दुकानाशी टेकवली आणि शाळेच्या फाटकाकडे पाहत उभा राहिला. मुली सुटल्या. मग शिक्षिका बाहेर पडल्या, त्यांत कालिंदी होती, हातात पिशवी. कोपऱ्यावर ती बाकीच्यांना काहीतरी म्हणाली, त्या हसल्या, आणि ती एकटी वळली. घराकडे नव्हे, उलट दिशेला. गायनमास्तर ज्या बोळात राहतो तो बोळ पुढे होता. हे त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. ती बोळाच्या तोंडाशी आली. तिथं थांबली. त्याला वाटलं, आता आपण मेलो. तिनं चपलेतला खडा काढला, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि बोळाकडे न बघता पुढं गेली.

पुढं उडप्याचं हॉटेल होतं. बाजूच्या दारावर 'फॅमिली रूम' अशी पाटी होती. ती त्या दारानं आत गेली, कुणी रोज आपल्या घरात जावं तशी.

म्हणजे इथं. तो समोरच्या फुटपाथवर थांबला. कोण येतं ते पाहायचं. एक म्हातारा आला, तो पुढच्या दारानं गेला. दोन कॉलेजातली पोरं आली, तीही पुढच्या दारानं. बाजूच्या दारानं कुणी गेलं नाही. मास्तर आधीच येऊन बसला असेल. मग यज्ञेश्वर रस्ता ओलांडून हॉटेलात शिरला आणि मागच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. तिथून फॅमिली रूमचं अर्धं लाकडी दार दिसत होतं, आणि दाराखालची फट.

फटीतून त्याला तिचे पाय दिसले. तिनं चपला काढून ठेवल्या होत्या. एक पाऊल समोरच्या खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवलं होतं, दुसरं गार फरशीवर पसरलं होतं. जोडवी दिसत होती. समोरच्या खुर्चीपाशी दुसरे पाय नव्हते. त्यानं मान खाली घालून पुन्हा पाहिलं. नव्हतेच.

गल्ल्यावरच्या मालकानं विचारलं, "काय आणायचा सार?"

"कॉफी," तो म्हणाला. मग घसा खाकरून, "आत कुणी मंडळी आहेत का? मला घरच्यांना घेऊन यायचंय एकदा."

"आणा की सार. आत एक बाई बसल्यात. मास्तरीण हाय. नेहमी येतात."

"कुणाबरोबर?"

मालकानं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "एकटीच. कॉफी घेतात, बसतात, जातात. भारी कडक लागते त्यांना. एकदा कॉफी पातळ झाली तर आत मुदपाकापर्यंत आल्या, फिल्टर कसा लावतोस दाखव म्हणाल्या. आचाऱ्यानं दाखवला. बाकी काय बोलणं नाही. वाचत पण नाहीत काही. बसतात नुसत्या."

नुसत्या बसतात. दांडीवरचं ते पाऊल आता हलत होतं, कसल्याशा तालावर, लहान मुलीचं हलतं तसं. तिनं असं पाऊल हलवलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. घरात तिचे पाय नेहमी कुठंतरी निघालेले असत. त्याच्यासमोर कॉफी आली, तिच्यावर साय धरली. तो तिथं बसून होता आणि त्याला वाटत होतं की आपली सुटका झाली आहे, आणि त्याच वेळी कुणीतरी आपल्याला छातीवर हात ठेवून मागं लोटलं आहे. गायनमास्तर असता तर यज्ञेश्वर भांडला असता, रडला असता, निदान काय करायचं ते कळलं असतं. पण त्या खोलीत कुणी नव्हतं. त्याच्याऐवजी तिनं कुणालाही निवडलं नव्हतं. तिला फक्त तो नको होता, पोरं नको होती, थोड्या वेळापुरतं कुणीच नको होतं. ह्याच्याशी भांडणार कसं? ती उठायच्या आधी तो कॉफी तशीच टाकून बाहेर पडला.

ती घरी आली तेव्हा तो वसंताला पाढे म्हणायला लावत होता.

"उशीर झाला," ती म्हणाली. "वह्या होत्या."

एवढ्याशासाठी खोटं! त्याला ते सोसवेना. मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का, असं त्यानं मनातल्या मनात तिला विचारलं, आणि उत्तरही मनातच मिळालं: हो, म्हटलं असतंत. बाईमाणसानं एकटं हॉटेलात बसायचं? लोक काय म्हणतील?

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पितळी भांडं घेतलं, बारीक भोकांचं, आणि अर्धा रत्तल ताजी दळलेली पूड. आपण फार मोठ्या मनानं वागतो आहोत असं त्याला दुकानातून घरी येईपर्यंत वाटत होतं. त्यानं ते ओट्यावर ठेवलं. "आता घरीच होईल तुझ्या मनासारखी," तो म्हणाला.

कालिंदी पोळ्या लाटत होती. तिनं भांड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा भांड्याकडे. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी तिनं ती उलटली नाही.

"पर्कोलेटर घ्यायचं होतं ना तुम्हांला?"

"तुला हे आवडलं होतं."

"हो," ती म्हणाली. "आवडलं होतं."

सकाळी तिनं कॉफी केली. रात्रीच पूड दाबून पाणी घालून ठेवलं होतं. सकाळी खाली काळा दाट अर्क उतरला होता, त्यात दूध घातलं की झालं. घाई नाही, फडकं नाही. यज्ञेश्वरनं इतकी चांगली कॉफी कधी घेतली नव्हती. पोरांनीही बोट बुडवून चाखली. "तू नाही घेत?" त्यानं विचारलं.

"मला नको. माझा चहाच बरा."

मंगळवारी ती वेळेवर आली. शुक्रवारीही. आता वह्या नव्हत्या. बयाबाई लवकर सुटू लागली, संध्याकाळचा स्वयंपाक वेळेवर होऊ लागला, आणि घरात काहीतरी हळूहळू आंबत चाललं. कालिंदी बोलायची, पण कामापुरतं. एकदा सरूनं शाईची दौत लवंडली तर तिनं तिला अशी थप्पड मारली की पोर रडायचीसुद्धा विसरली. आणि मग कालिंदीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, मारलेला हात दुसऱ्या हातात धरून. यज्ञेश्वर रोज सकाळी ती उत्तम कॉफी पीत होता. घोट घेताना त्याला वाटायचं की आपण कुणाच्या तरी ताटातलं खातो आहोत. हिला कळलं असेल का? आपल्याला कुणी पाहिलं असेल, मालकानं सांगितलं असेल? की भांडं पाहूनच ती समजली? आता तो तिच्यावर पाळत ठेवायचा ती ह्यासाठी, की आपण ठेवलेली पाळत तिला ठाऊक आहे की नाही.

शेवटी एका शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "आज मी लवकर येतो. पोरांना बघतो. तू सावकाश ये. उशीर झाला तरी चालेल."

तिचा हात थांबला. "का?"

"का म्हणजे? सहज."

"घरी कुणी यायचंय का?"

"नाही ग. कोण येणार?"

"मग मी उशिरा यावं असं का वाटतंय तुम्हांला?"

त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर सगळंच द्यावं लागलं असतं. त्यानं सायकलची किल्ली शोधायला घेतली, आणि तिची नजर आणखी बारीक झाली. दिवसभर नाक्यावर ती नजर त्याच्या पाठीवर होती. असं कुणी आपल्याकडे बघणं म्हणजे काय असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी ती उशिरा आली नाही. नेहमीपेक्षाही आधी आली, धापा टाकत, टांग्यानं. दारात उभी राहून तिनं घरभर पाहिलं. सरू आणि वसंत चुरमुरे खात होते, यज्ञेश्वर भात करपवून बसला होता.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

ती आतल्या खोलीत गेली, परसात जाऊन आली. मग उंबऱ्यावर बसली, चपला पायांत तशाच. पोरांना त्यानं अंगणात पिटाळलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"कालिंदी, मी तुला त्या हॉटेलात पाहिलं."

ती म्हणाली, "भांडं आणलंत त्याच्या आधी."

"हो. एकदाच. तुझ्या मागून आलो होतो."

"कुणी दिसलं?"

"कुणी नव्हतं."

"तुम्हांला कुणी हवं होतं का तिथं?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं. "मी काही चोरी करत नव्हते. घरात सगळ्यांची, शाळेत सगळ्यांची. तिथं माझ्याकडून कुणाला काही नको असायचं. म्हणून जात होते. तुम्ही भांडं आणून ठेवलंत आणि मला वाटलं, आता ती खुर्चीसुद्धा उचलून घरी आणली ह्यांनी."

"मग जा ना पुन्हा. मी तेच सांगत होतो सकाळी."

"आता कशी जाऊ? आता तिथं बसले तरी मला वाटणार, बाहेर तुम्ही आहात."

ते खरं होतं. त्यानं तिथं पाऊल टाकलं त्याच दिवशी ती जागा नासली होती, आणि कितीही मोठं मन केलं तरी ती तिला परत देता येणार नव्हती. अंगणात वसंत सरूला चिडवत होता. यज्ञेश्वरला एकच गोष्ट सुचली, आणि ती बोलताना त्याला आपल्या हाडातून काहीतरी उपसून काढल्यासारखं वाटलं.

"दुसरी शोध," तो म्हणाला. "मला सांगू नकोस."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ह्यात काय दडलं आहे हे ती शोधत होती, आणि त्यानं तिला शोधू दिलं.

पुढचे दोन मंगळवार ती वेळेवरच आली. त्यानंतरच्या मंगळवारी दिवे लागले तरी आली नव्हती. बयाबाई निघून गेली. यज्ञेश्वरनं कंदील पुसला, पोरांना खायला दिलं, तीनतीनदा दाराशी जाऊन परत आला. जुनी चित्रं एकेक करून आली. त्यांना त्यानं हाकललं नाही, नुसतं बसू दिलं. मग फाटक वाजलं. कालिंदी आत आली. तिचे केस वाऱ्यानं सुटले होते आणि पातळाच्या काठाला वाळल्या गवताची कुसळं चिकटली होती. एवढं गवत शहरात कुठं आहे? टेंबलाईच्या टेकडीला, रंकाळ्याच्या पल्याड, उचगावच्या वाटेवर... त्याचं डोकं सवयीनं धावायला लागलं, आणि त्यानं पाटीवरचं वसंताचं गणित जवळ ओढलं.

"वह्या फार होत्या आज," ती म्हणाली.

"असणारच," तो म्हणाला. "सहामाही जवळ आली." आणि त्यानं पाटीवरून डोळे वर उचलले नाहीत, ती आत जाऊन पाय धुऊन येईपर्यंत.